२४ व्होल्टची बोट, वायरलेस बोलायला गेलं की बंद पडतो आणि एक बॅटरी दरवर्षी मरते

बंदरावरचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. आमची हर्णैला ४२ फुटी फायबरची बोट आहे, ट्रॉलिंगची. लेलँडचं सहा सिलिंडर इंजिन, २४ व्होल्टचा स्टार्टर, त्यासाठी १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. इंजिन आणि बॅटऱ्या मागे केबिनच्या खाली. केबिनमध्ये वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर, दोन पंखे, मोबाइल चार्जर आणि बल्ब, हे सगळं १२ वर चालतं.

दरवर्षी बंदी उठायच्या आधी जुलैमध्ये वायरमन बोलावून सगळी वायरिंग नवी करून घेतो, एक तारखेला बोट पाण्यात जाते तेव्हा एकदम झकास, आणि दिवाळी आली की रडगाणं सुरू. बल्ब मिणमिणतात. वायरलेसवर ऐकू येतं पण बोलायचं बटण दाबलं की डिस्प्ले गुल, सोडलं की परत चालू. स्टार्टर कधी एका झटक्यात घेतो, कधी नुसता टक टक टक करत बसतो, मग खलाशी बॅटरीच्या टर्मिनलवर हातोडी मारतात आणि चालू होतं, का ते देवाला माहीत. आणि दोन बॅटऱ्यांमधली एक दरवर्षी मरते. दुकानदाराशी दोनदा भांडलो की डुप्लिकेट माल देतोस म्हणून, तो म्हणतो बोटीत नीट वापरत नाही तुम्ही. दुसरी बॅटरी टिकते पण तिला सारखं डिस्टिल्ड वॉटर लागतं, पंधरा दिवसांनी बघितलं तर प्लेटा उघड्या.

वायर घरगुती आहे, दीड एमएम, चांगल्या कंपनीची. जॉइंट पीळ देऊन काळी टेप. बाबा म्हणतात समुद्रात हे असंच असतं, दरवर्षी वायर बदलायची. मला पटत नाहीये. वादळाच्या इशाऱ्यामुळे सध्या सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आहेत, तीन-चार दिवस हातात आहेत, काय करता येईल?

सोलर_सांगलीकर

बोटीतलं मला कळत नाही पण शेतात सोलर पंपाची बरीच कामं केली आहेत. पीळ देऊन टेप हे कुठेच टिकत नाही मित्रा. सगळे जॉइंट सोल्डर मार, त्यावर ग्रीस किंवा सिलिकॉन, खल्लास. वायर अडीचची कर आणि बॅटरी दुसऱ्या कंपनीची घे.

तारकर्ली_बोटवाला

आमच्या पण पर्यटकांच्या बोटीत पहिली दोन वर्षं हाच प्रकार होता. सोल्डर आम्ही पण मारला होता, सगळीकडे तुटला, वायर बरोब्बर सोल्डर संपतो तिथे मोडते. मग घरची वायर काढून टिन्ड वायर टाकली, ती अजून चालू आहे. महाग पडते पण दरवर्षीची मजुरी वाचते. गोव्याला मिळते, मुंबईहून पण मागवता येते. पण तुझ्या बॅटरीचं कोडं माका काय सुटूक नाय.

जहाजी_वीजवाला

पोरा, एक प्रश्न आधी. केबिनमधली १२ व्होल्टची लाइन नक्की कुठून घेतली आहे? २४ वरून काही डबी लावून १२ केले आहेत, की दोन बॅटऱ्यांपैकी एकीच्याच टर्मिनलवरून दोन वायरी काढल्या आहेत?

बंदरावरचा_पोऱ्या

एकीवरूनच काका. निगेटिव्ह इंजिनच्या बॉडीला आहे ना, त्या बाजूच्या बॅटरीच्या प्लसवरून. इथे सगळ्यांचं असंच असतं.

जहाजी_वीजवाला

मग तुझा दुकानदार निर्दोष आहे, त्याला एकदा चहा पाज.

जरा लांबण लागेल पण वाच. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्या की अल्टरनेटरचा करंट दोघींतून सारखाच जातो, एकीला जास्त एकीला कमी असं तो करू शकत नाही. तू रात्रभर फक्त खालच्या, म्हणजे मायनसकडच्या बॅटरीतून पंखे, जीपीएस, बल्ब चालवतोस. सकाळी इंजिन चालू केलंस की खालची अर्धी रिकामी आणि वरची भरलेली. अल्टरनेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते, २८ च्या आसपास झाली की तो हात आखडता घेतो. त्या २८ मध्ये वाटणी मात्र सारखी नसते. भरलेली बॅटरी १५ च्या वर जाते, उकळते, तिचं पाणी उडतं, म्हणून तिला सारखं पाणी घालावं लागतं. रिकामी बॅटरी १३ च्या आसपासच राहते, ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि लेड अॅसिड बॅटरी अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट बसून ती मरते. एक अजीर्णाने आणि एक उपासमारीने, असं आहे ते. ज्या बॅटरीवरून वायरी काढल्यात तीच दरवर्षी मरते की नाही सांग. आणि स्टार्टर टक टक करतो त्यातही त्या मेलेल्या बॅटरीचा हात असणार, साखळीची एक कडी कच्ची असली की झालं.

आता वायरलेसचं. पंचवीस वॉटचा सेट बोलताना साधारण साडेपाच अँपिअर खातो, ऐकताना अर्धा सुद्धा नाही. म्हणून ऐकू येतं आणि बोलताना मरतो. वायर बॅटरीपासून सेटपर्यंत किती आहे? समज वळणं-वळसे धरून सात मीटर. जायचे सात आणि यायचे सात, चौदा मीटर तांबं झालं. दीड एमएमच्या वायरीत साडेपाच अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट नुसते वायरीत गेले, जॉइंट अजून धरलेच नाहीत. हिशोब सोपा आहे, लिहून ठेव: मीटर गुणिले दोन, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचे चौरस एमएम. चार एमएम टाकलीस तर हाच आकडा ०.३४ वर येतो. अमेरिकेत एबीवायसी म्हणून बोटींचे नियम करणारी संस्था आहे, ती म्हणते वायरलेस, नॅव्हिगेशन लाइट असल्या महत्त्वाच्या गोष्टींना ३ टक्क्यांच्या वर ड्रॉप नको, पंखे वगैरे फालतू गोष्टींना १० टक्के चालेल. १२ चे ३ टक्के म्हणजे ०.३६. तेव्हा वायरलेसला चार एमएम, अडीच नाही.

पण वायर बदलायच्या आधी मोजून बघ. मीटर आहे का?

सोलर_सांगलीकर

सर सोल्डरला काय प्रॉब्लेम? आमच्याकडे दहा दहा वर्षं टिकलेत.

जहाजी_वीजवाला

शेतातला पॅनेल हलत नाही हो. बोटीत इंजिन चालू असेपर्यंत प्रत्येक वायर थरथरत असते. मल्टीस्ट्रँड वायरीत सोल्डर आत ओढला जातो, तेवढा तुकडा सळईसारखा कडक होतो आणि कडक-मऊची जिथे सीमा असते तिथे एकेक तार तुटत जाते. तारकर्लीवाले म्हणाले ते अगदी बरोबर. त्यापेक्षा मापाचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, चांगल्या क्रिम्पिंग पक्कडने दाबलेलं, साध्या पक्कडने चेपलेलं नव्हे, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. तापवली की दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे, म्हणजे पाणी बंद. दाबून झालं की जोर लावून ओढून बघायचं, सुटलं तर परत. ग्रीस लावायचं तर जोडणी घट्ट आवळून झाल्यावर वरून, आधी नाही.

आणि टिन्ड वायर म्हणजे काय ते पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आजीच्या पितळेच्या पातेल्याला कल्हई नसली की त्यातलं दही कळकायचं ना, तेच. टिन्ड वायरीत प्रत्येक बारीक तारेला कल्हई असते. घरच्या वायरीत कोरं तांबं. खारं पाणी एका टोकातून शिरलं की तारांच्या मधल्या फटीतून वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. बाहेरून वायर नवी दिसते आणि सोलली की आत हातभर काळी-हिरवी. त्यावर नवीन जॉइंट मारून काय उपयोग? म्हणून वायरमन दिवाळीत येऊन टोक कापून परत जोडतो आणि पंधरा दिवसांत परत तेच.

जुना_तांडेल

चाळीस वर्षं समुद्रात काढली, आमच्या वेळी एक बॅटरी आणि दोन बल्ब. हल्ली बोट आहे की मोबाइलचं दुकान तेच कळत नाही. परवा एकाच्या केबिनमध्ये मिक्सर बघितला. आता सरकारचा ट्रान्सपाँडर, बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, तो पण आला, त्या २०२४ ला पालघरला पंतप्रधानांनी सुरू केली ती योजना, एक लाख बोटींना देणार म्हणाले. यंत्रं वाढत चालली, वायर तीच दीडची.

एक सांगतो, डोलकाठीवरचे बल्ब मिणमिणते ठेवू नका. ट्रॉलिंग चालू असताना वर हिरवा खाली पांढरा दिसलाच पाहिजे, जयगडला आणि मुंबईला जाणारी मोठी जहाजं रात्री भसकन अंगावर येतात. त्यांना आपली फायबरची होडी रडारवर दिसली तर दिसली.

जहाजी_वीजवाला

तांडेलांना नमस्कार. बल्बचं लाख बोललात. साधा बल्ब १० टक्के कमी व्होल्टवर चालवला तर उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. डोळ्याला सवय होते म्हणून आपल्याला कळत नाही.

पोरा, मोजायची रीत. सेट बोलताना बंद पडतो म्हणून त्याच्यावर मोजता येणार नाही, त्याच्या जागी गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब लाव, तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. बल्ब पेटलेला असतानाच मोजायचं, विझवून मोजलंस तर सगळं छानच दिसेल, वायरमन नेमकी हीच चूक करतात. मीटरच्या एका तारेला आठ-दहा मीटर कसलीही जुनी बारीक वायर जोडून लांब कर, फोनची चालेल, मीटर करंट घेत नाही त्यामुळे बारीक असली तरी फरक नाही. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लसवर. येईल तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेत किती सांडले. मग तसंच मायनसचं. लोक प्लसच्या मागे लागतात आणि मायनसकडे कोणी बघत नाही.

मग बल्ब काढून इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे घे, अर्ध्या तासाने. आणि काही सोडायचं झालं तर बॅटरीची मायनस आधी सोड. पाना प्लस आणि इंजिनच्या मध्ये आडवा पडला तर हजारावर अँपिअर जातात, पाना वितळतो आणि खाली डिझेल आहे.

बंदरावरचा_पोऱ्या

काका केलं सगळं. आज सकाळी बाबा आणि मी गेलो होतो, एक खलाशी पण होता, त्याचा विश्वासच बसत नव्हता.

बल्ब लावल्यावर बॅटरीवर ११.९ आणि सेटच्या जागी फक्त १०. प्लसच्या वाटेत ०.४ गेले, मायनसच्या वाटेत १.५!! मग थोडं थोडं पुढे टोचत गेलो तर सगळा घोळ एका जागी सापडला, केबिनची मायनस इंजिनच्या ज्या बोल्टवर आवळली आहे तिथे. जुलैमध्ये इंजिनला रंग दिला होता ना, तो रंग बोल्टच्या खाली पण आहे, थिंबल रंगावर बसवलंय आणि थिंबल पण कसलं, वायर नुसती गुंडाळलेली, हिरवीगार. चाकूने खरवडून परत आवळली तर १.५ चे ०.४ झाले आणि बाबांनी तिथल्या तिथे वायरलेसवर शेजारच्या बोटीला हाक मारली, बंद नाही पडला!

बॅटऱ्या: इंजिन चालू असताना वरची १५.२, खालची १३. बेरीज २८.२. तुम्ही न बघता सांगितलेत. आणि हो, मरते ती खालचीच. दुकानदाराकडे जायची लाज वाटतेय.

आता पुढे काय? खर्च एकदम झेपणारा नाही, आधी काय करू?

जहाजी_वीजवाला

शाबास, मोजलंस हेच मोठं काम.

आधी १२ ची मधली वायर काढ, म्हणजे त्या एका बॅटरीवरून केबिनला गेलेली. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घे, २० अँपिअरचा पुरेल, त्याचं इनपुट पूर्ण २४ वरून, म्हणजे दोघींवर सारखा भार येईल. स्वस्तातला घेऊ नकोस, काही कन्व्हर्टर इतका खरखराट करतात की वायरलेसवर माणसाचा आवाजच येत नाही, त्यामुळे घ्यायच्या आधी सेट लावून ऐकून बघ. बल्ब पुढच्या वेळी २४ व्होल्टचे एलईडी घे म्हणजे ते कन्व्हर्टरशिवाय चालतील आणि २४ वर तेवढ्याच वॉटला करंट निम्मा, ड्रॉपही निम्मा. इंजिन चालू असताना मात्र २८ च्या वर जातं, तेवढं सोसणारे बघून घे.

मायनस इंजिनच्या बोल्टवर नको. बॅटरीजवळ एक पितळी किंवा तांब्याची बसबार, म्हणजे बोल्ट असलेली पट्टी बसव, त्यावर सगळ्या मायनस, आणि तिथून एकच जाड केबल बॅटरीला. इंजिनला फक्त स्टार्टरची जाड मायनस. फायबरच्या बोटीत बॉडीतून रिटर्न येत नाही, लोक ट्रकची वायरिंग बघून इंजिनलाच बॉडी समजतात.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे. वर सांगितलं त्या एबीवायसीच्या नियमात ७ इंचांच्या आत म्हटलंय, स्टार्टरची केबल सोडून. कारण फ्यूज केबिनमध्ये असेल तर बॅटरीपासून केबिनपर्यंतच्या वायरीला राखणच नाही, ती कुठे घासून शॉर्ट झाली तर लाल होईल आणि फायबर पेटतं. फ्यूज वायरीच्या मापाने घालायचा, यंत्राच्या नाही. आणि घरातला एमसीबी डीसीला लावू नकोस, डीसीची ठिणगी विझायला अवघड, डीसीचा वेगळा मिळतो.

तारकर्ली_बोटवाला

तळातलं पाणी उपसायच्या पंपाचं पण सांगा सायबानू. आमच्याकडे एकदा मेन स्विच बंद करून सगळे घरी गेले, रात्री पाऊस, सकाळी बोट गळ्यापर्यंत. पंप ठणठणीत, त्याला करंटच नव्हता.

जहाजी_वीजवाला

हो, बरं आठवलं. पंप आणि त्याचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा, मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजने. आणि त्याचे जॉइंट तळात सोडायचे नाहीत, वायर उंच आणून वर जोडायचं. तळातल्या पाण्यात भिजलेला चालू जॉइंट नुसता वायर खात नाही, करंट पाण्यातून शाफ्टकडे पळतो आणि बोटीचा पाण्यातला पंखा, शाफ्ट, झिंक (गंज स्वतःवर घ्यायला लावलेला जस्ताचा तुकडा) सगळं कुरतडतो. झिंक फार लवकर संपत असेल तर आधी हे बघा. सगळं बंद करून पंपाच्या फ्यूजच्या जागी मीटर अँपिअरवर लावायचा, फ्लोट खाली असताना काहीच यायला नको.

केबिनमध्ये वायर वरून उतरवून सरळ सेटमध्ये घुसवू नका, सेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर घ्या, पाणी झोळाच्या टोकावरून टपकून जातं.

जुना_तांडेल

वीजवाले साहेब, कन्व्हर्टर ठीक आहे पण तो पण एक यंत्रच, बिघडला तर? इंजिनरूममध्ये पाणी भरलं तर तुमच्या दोन्ही बॅटऱ्या पाण्याखाली आणि तेव्हाच वायरलेस लागतो. माझं मत, एक छोटी बॅटरी केबिनमध्ये वर बांधून ठेवा, फक्त वायरलेसला.

जहाजी_वीजवाला

मान्य. मोठ्या जहाजावर पण आणीबाणीच्या रेडिओची बॅटरी वरच्या डेकवर वेगळी असते, ह्याच कारणासाठी. फक्त ती सीलबंद घ्या, कारण झोपायच्या जागी उघडी बॅटरी म्हणजे चार्ज होताना हायड्रोजन, आणि केबिनमध्ये विड्या चालतात. तिला कन्व्हर्टरवरून नाही तर २४ वरून १२ च्या चार्जरवरून भरायचं, कन्व्हर्टर १३ च्या वर देत नसेल तर ती पण उपाशीच राहील. पोराच्या खिशाला झेपेल तेव्हा.

बंदरावरचा_पोऱ्या

ठरलं मग. ह्या वेळी मायनसची बसबार, वायरलेसला चार एमएम टिन्ड आणि बॅटरीजवळ फ्यूज. कन्व्हर्टर मुंबईहून मामा घेऊन येतोय शनिवारी, तोपर्यंत पंखे बंद, खलाशी शिव्या घालतायत. बाकी जुलैत. तांडेल काकांची बॅटरी बाबांना फार आवडली, ते म्हणे मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. म्हणत नव्हते.

जुना_तांडेल

पोरा, आज आमच्या बोटीत जाऊन बघितलं. आमचं पण मधूनच घेतलंय. मुलगा म्हणतो जीपीएस आणि मासळीचा सेट २४ वर लावला तर जळेल. खरं का?

जहाजी_वीजवाला

सेटच्या मागचा स्टिकर वाचायला सांगा. बऱ्याच सेटवर १२-२४ किंवा तत्सम लिहिलेलं असतं. वरचा आकडा ३० च्या पुढे असेल तर थेट २४ वर लावा, कन्व्हर्टरची गरजच नाही. नुसतं १२ किंवा १३.८ असेल तर हात लावू देऊ नका. वायरलेस बहुतेक १३.८ वालाच असतो.